संथपणाच्या अटीवर मिळालेले स्वातंत्र्य

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडोच्या वायव्येला, ‘द व्हिलेजेस’ नावाची एक वसाहत आहे. नाव खेड्यांचे, पण आकार शहराचा. २०२० च्या जनगणनेत या वसाहतीची, परिसर धरून, लोकसंख्या सुमारे एक लाख तीस हजार भरली. आधीच्या दहा वर्षांत ती ३९ टक्क्यांनी वाढली होती. त्या दशकात अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही महानगर क्षेत्राची वाढ एवढ्या वेगाने झाली नाही. आणि इथे राहणारे बहुतेक लोक आहेत निवृत्त. ज्येष्ठांच्या अशा वसाहतींसाठी तिथल्या कायद्याची अट आहे की किमान ८० टक्के घरांत पंचावन्न वर्षे पूर्ण केलेली एक तरी व्यक्ती राहत असली पाहिजे. नातवंडांनी पाहुणे म्हणून यावे, चार दिवस राहावे आणि परत जावे, असा मामला.

या वसाहतीत लोक बाजाराला, दवाखान्यात, पोहायला, मित्राकडे पत्ते खेळायला आणि संध्याकाळी चौकात गाणे ऐकायला जातात ते गोल्फ कार्टमधून. आपल्याकडे ही गाडी विमानतळावर किंवा एखाद्या मोठ्या हॉटेलच्या आवारात दिसते. उघडी, छताची, दोन-चार माणसांची. द व्हिलेजेसमध्ये ती घरोघरी आहे. तिच्यासाठी सुमारे शंभर मैलांच्या वेगळ्या वाटा, हमरस्त्याखालून बोगदे आणि वरून पूलसुद्धा बांधले आहेत. २००५ साली इथल्या लोकांनी ३,३२१ गोल्फ कार्टची एकच मिरवणूक काढून गिनेस बुकात नोंद करवली.

या गाड्यांच्या वेगावरून तिथे बरीच वर्षे वाद चालू आहे. निवृत्त माणसांच्या गावात वेगाचा वाद व्हावा हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण हा प्रश्न आपल्याही घरातल्या बुजुर्गांचा आहे असे मला वाटते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आधी या गाडीची किंमत समजून घेऊ. किंमत म्हणजे पैशांतली नव्हे. आपल्यातली अनेक मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. त्यांचे अब्बा-अम्मी, आई-वडील सहा सहा महिने तिकडे राहून येतात. परत आल्यावर त्यांना विचारा, काय आवडले नाही? थंडी किंवा जेवण असे उत्तर फार कमी जण देतात. बहुतेकांचे उत्तर एकच असते: घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. दुकान तीन मैलांवर, मस्जिद पंधरा मैलांवर, रिक्षा नाही, बस नाही. मुलगा कामावरून येईपर्यंत खिडकीत बसायचे. गावात उभा जन्म स्वतःच्या पायांवर काढलेल्या माणसाला हे बसणे सोसत नाही.

अमेरिकन म्हाताऱ्यांचीही हीच अडचण आहे, फक्त ती उशिरा येते. तिथे मोटार चालवता येणे म्हणजेच माणसांत असणे. फ्लोरिडात ऐंशी वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण करताना डोळ्यांची तपासणी द्यावी लागते. नजर गेली, प्रतिक्षिप्त क्रिया मंदावल्या, मुलांनी चावी काढून घेतली, की ते जग बंद होते. अशा वेळी गोल्फ कार्ट त्या माणसाला आणखी काही वर्षे मिळवून देते. पत्नी गेल्यावर एकटा उरलेला माणूस संध्याकाळी चार लोकांत जाऊन बसू शकतो. ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच ‘म्हाताऱ्यांच्या हातून या गाड्या काढून घ्या’ असे कुणी म्हणाले तर मी त्याच्या बाजूला उभा राहणार नाही.

पण ही सवलत त्यांना मिळाली कशी, हे पाहिले पाहिजे. फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्टची व्याख्याच अशी आहे की ती ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकत नाही. ती धावू शकत नाही, म्हणून तिला नंबर प्लेट लागत नाही, नोंदणी लागत नाही, विम्याची सक्ती नाही, सीट बेल्ट नाही. प्रौढ माणसाला वाहन परवानाही लागत नाही. पूर्वी चौदा वर्षांच्या पोरालाही ती चालवता येत असे. ऑक्टोबर २०२३ पासून नियम थोडा कडक झाला: अठराच्या आतल्यांना शिकाऊ किंवा पक्का परवाना हवा, आणि मोठ्यांनी सरकारी ओळखपत्र जवळ बाळगावे.

गाडी २० ते २५ मैलांपर्यंत धावत असेल, तर कायदा तिला दुसऱ्या वर्गात टाकतो: ‘लो स्पीड व्हेईकल’, कमी वेगाचे मोटार-वाहन. या वर्गासाठी केंद्रीय सुरक्षा नियम १९९८ मध्येच आले. अशा गाडीला दिवे, आरसे, समोरची काच आणि सीट बेल्ट पाहिजेत. फ्लोरिडात तिची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना सक्तीचा आहे. म्हणजे पाच मैलांच्या फरकावर सगळी जबाबदारी बदलते. कायदा बनवणाऱ्यांनी जणू म्हाताऱ्यांशी एक करार केला: तुम्ही संथ चाला, आम्ही तुम्हाला काही विचारणार नाही.

हा करार मोडला जातो तो गॅरेजमध्ये. पेट्रोलवरच्या कार्टमध्ये वेग आवरणारा गव्हर्नर असतो, तो सैल करता येतो. विजेवरच्या कार्टमध्ये कंट्रोलर असतो, त्याची मांडणी बदलता येते किंवा मोटारच जास्त ताकदीची बसवता येते. चाके मोठी घातली तरी थोडा वेग वाढतो. कार्ट २५ वर जाते, कधी ३० वर. बाहेरून ती तशीच दिसते. नंबर प्लेट नसल्याने पळून गेलेली कार्ट कुणाची, हे सांगणेही अवघड.

वीस आणि तीस यांत असे काय मोठे अंतर, असे वाटू शकते. मोटारीत बसलेल्याला तीस मैलांचा वेग रांगण्यासारखा असतो. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. समोर कुणी आडवे आले हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत वयस्क माणसाला दोन सेकंद लागतात असे धरा. वीसच्या वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे १८ मीटर पुढे गेलेली असते, तीसच्या वेगाने २७ मीटर. हे अंतर ब्रेक लागण्याच्या आधीचे. त्यापुढे ब्रेकची गोष्ट, तर बहुतेक कार्टमध्ये ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात. ते मैदानावरच्या हिरवळीसाठी पुरेसे होते, उतारावरच्या रस्त्यासाठी नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. अमेरिकेत चालक डाव्या बाजूला बसतो आणि सोबतचा माणूस उजव्या. कार्टने डावीकडे झपकन वळण घेतले की उजवीकडे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो. दार नाही, बेल्ट नाही. बाकाच्या कडेला कमरेपर्यंत येणारी एक दांडी असते, पण जोराचा झटका बसला तर माणूस तिच्यावरूनच उलटतो. चालकाच्या हाताला स्टिअरिंगचा आधार असतो, शेजारच्याला कशाचाच नाही. बहुतेक वेळा शेजारी बसलेली असते त्याची पत्नी, बहीण किंवा आठवडाभरासाठी आलेली नात. वेगाची हौस एकाची आणि रस्त्यावर पडणार दुसरेच कुणी.

पडल्यावर काय होते तेही वयावर ठरते. पंचविशीतला मुलगा खरचटून उठेल. पंचाहत्तरीतल्या बाईचे खुब्याचे हाड मोडते, आणि खुबा मोडल्यानंतर अनेक म्हातारी माणसे पूर्वीसारखी चालत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव करू शकतो. ज्या गाडीने घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य दिले, तीच गाडी माणसाला कायमची खाटेवर टाकते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एक म्हणणे असे, की हे सगळे सुट्टीत आलेली नातवंडे करतात. काही करत असतील. पण गाडीचा गव्हर्नर नातवाने येऊन सैल केलेला नसतो. ते काम मालकाने, पैसे मोजून, स्वतःच्या इच्छेने करून घेतलेले असते. चावी नातवाच्या हातात देतानाही त्याला ठाऊक असते की गाडी किती धावते.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. ज्या रस्त्यांवर कार्ट आणि मोटारी एकत्र चालतात, तिथे वीसच्या वेगाने जाणाऱ्याच्या पाठीला मोटार चिकटते, हॉर्न वाजतो, धोकादायक रीतीने ओलांडून जाते. वेग वाढवला तर निदान वाहतुकीसोबत जाता येते. यात तथ्य आहे. पण याचे प्रामाणिक उत्तर कायद्यातच आहे: गाडी वरच्या वर्गात न्या, बेल्ट लावा, विमा उतरवा, नंबर घ्या. मोटारीचा वेग हवा आणि जबाबदारी मात्र खेळण्याची, हे चालणार नाही. शिवाय तीच वेगवान कार्ट मोटारींच्या रस्त्यावरून उतरून अशा वाटेवर येते जिथे लोक पायी चालतात, सायकल चालवतात, कुत्रा फिरवतात. मोठ्या गाडीने आपल्याशी जे केले तेच आपण पायी चालणाऱ्याशी करतो.

आणि वाचते काय? पाच मैलांच्या अंतराला वीसच्या वेगाने पंधरा मिनिटे लागतात, तीसच्या वेगाने दहा. पाच मिनिटे. चाळीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला ही पाच मिनिटे कुठे जमा करायची आहेत?

मला वाटते मूळ दुखणे घड्याळाचे नाहीच. संथ होणे आपल्याला अपमानाचे वाटते. शरीर मंदावले, ऐकू कमी येऊ लागले, लोक आपल्याला बाजूला सारून पुढे जाऊ लागले, की निदान चाकांखाली तरी जोर असावा असे वाटते. ही भावना मी समजू शकतो. पण तिची किंमत शेजारच्या सीटवरच्या माणसाने का द्यावी?

उपाय फार अवघड नाहीत. वर्षातून एकदा कार्टचा वेग तपासावा आणि तिच्यावर नंबर असलेला स्टिकर लावावा. वेग वाढवून देणाऱ्या गॅरेजवाल्यालाही दंड व्हावा, केवळ चालवणाऱ्याला नाही. कायद्याने सक्ती नसली तरी सीट बेल्ट बसवता येतात, ते बसवावेत. आणि रहिवाशांनी आपसांत एकमेकांना टोकावे. निवृत्तांच्या वसाहतीत पोलिसांच्या पावतीपेक्षा पत्त्यांच्या टेबलावरचा एक शब्द जास्त लागतो.

आता आपल्याकडे पाहा. मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवरच्या स्कूटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, तिला आपल्याकडे मोटार-वाहन मानत नाहीत. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. म्हणजे हा अगदी तोच करार आहे. गुडघे दुखणारे चाचा तिच्यावरून नमाजला जातात, निवृत्त शिक्षिका भाजी आणतात, कुणी नातीला शाळेत सोडतात. पाचव्या मजल्यावर अडकून पडलेले म्हातारपण तिच्यामुळे खाली उतरले. आणि इथेही दुकानदार किंवा मिस्त्री विचारतो, ‘स्पीडचे लॉक काढून देऊ का?’ २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला असे बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. आपले रस्ते तर द व्हिलेजेसच्या वाटांसारखे वेगळे बांधलेले नाहीत. खड्डा, कुत्रा, उलट बाजूने येणारा टेम्पो, सगळे एकाच रस्त्यावर.

असे अपघात वाढले तर सरकार काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको. सवलतच काढून घेतली जाईल. तेव्हा लॉक काढणारा तरुण दुसरी गाडी घेईल. घरात बसावे लागेल ते सत्तरीतल्या चाचांना आणि त्या शिक्षिकेला, ज्यांनी कधी पंचवीसच्या वर काटा नेला नाही.

म्हणून घरात अशी स्कूटर असेल तर आज एवढे करा. ती किती धावते ते मोकळ्या रस्त्यावर स्वतः चालवून पाहा. लॉक काढलेले असेल तर परत बसवून घ्या, मग ते तुमच्या मुलाने काढलेले असो की तुमच्या वडिलांनी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. अब्बा कुरकुरतील. त्यांना सांगा, पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल, आम्ही जेवायला थांबतो.