जैवनीतीचा अभ्यास कोणी करावा?

नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधी केंद्र सरकारने 2019 साली जे नियम केले, त्यांतील एका तरतुदीकडे आपल्या चळवळीचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. माणसांवर औषधाची चाचणी करावयाची तर आधी नीतिसमितीची संमती लागते, आणि या समितीत किमान सात सभासद असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ, तत्त्वचिंतक किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांपैकी कोणी एक असलाच पाहिजे. निम्मे सभासद त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत. तरतूद उत्तम आहे. प्रश्न इतकाच की या जागांवर बसण्यास लायक माणसे कोठे तयार होतात?

प्रस्तुत लेखक ज्या कसबा बावड्यात राहतो, तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेला लक्ष्मी-विलास राजवाडा येथे आहे, राजाराम सहकारी साखर कारखाना येथे आहे आणि एका अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही येथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की उपचारांबरोबर अध्यापन व संशोधन आलेच. ते व्हावयासच हवे. परंतु देशातील कोणत्याही अशा रुग्णालयात खाटेवरचा माणूस बहुधा शेतमजूर, ऊसतोडणी कामगार किंवा मोलकरीण असतो आणि संशोधनाचा आराखडा आखणारा दुसऱ्या वर्गातला असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जोखीम एकाच्या पदरी पडते आणि लाभाचे वाटप दुसरीकडे ठरते. जैवनीतीच्या मुळाशी हा वाटपाचा प्रश्न आहे. डॉक्टरने रुग्णाशी सौजन्याने वागावे हा त्यातला अगदी लहान भाग होय.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व ल्यों येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ती केली. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानचा होता. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांना रोगाची माहिती देण्यात आली आणि तपासणी हवी असल्यास कोठे जावे हे सांगण्यात आले. चाचणीच्या वतीने त्यांची तपासणी झाली नाही. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या रोगाने दगावल्या होत्या. चौथ्या गटात 64 दगावल्या होत्या.

संशोधकांची बाजू पोकळ नव्हती. भारतात सार्वत्रिक तपासणी नव्हतीच. ग्रामीण भागात कोणती पद्धत परवडेल व उपयोगी पडेल हे कळणे अवश्य होते. आणि एकाच तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे ज्ञान जगाला या खेड्यांतील स्त्रियांमुळे मिळाले. आक्षेप घेणाऱ्यांनी विचारले की तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांना अनेक दशके ठाऊक असताना तपासणी न केलेला गट ठेवावाच का? मुंबईहून 1993 पासून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीविषयक इंग्रजी नियतकालिकात 2014 साली यावर कडक टीका छापून आली. या साऱ्या वादाचा कणा ‘प्रचलित उपचार’ या दोन शब्दांत आहे. गरिबाला आज जे मिळते ते प्रचलित; त्याला काहीच मिळत नसेल तर काहीच न देणे हेही प्रचलित! विषमतेलाच मोजपट्टी मानण्याचा हा प्रकार ओळखावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. किंबहुना तो बाहेरच्याला अधिक लवकर दिसावा.

यापुढची गोष्ट संशोधकांच्या हातातली नव्हती, सरकारच्या होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या 1.9 टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. ज्यांच्या मरणातून ज्ञान निर्माण झाले त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोचले नाही, याबद्दल कोणत्या समितीने कोणाला जाब विचारला?

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना 2019 पासून नीती व संवाद यांचे पाठ पहिल्या वर्षापासून दिले जातात, हे चांगले झाले. पण तेथे शिकवणारे डॉक्टर, शिकणारेही डॉक्टर. मंगळूरजवळच्या एका अभिमत विद्यापीठात जैवनीतीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. बावड्यातील कला शाखेची पदवीधर मुलगी, परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती तेथे कशी जाणार, आणि इंग्रजीतून शिकून आली तरी ऊसतोडणीच्या पालातील बाईला संमतिपत्र कोणत्या भाषेत समजावणार? हा अभ्यास सार्वजनिक विद्यापीठात, समाजशास्त्र, कायदा व अर्थशास्त्र या विभागांच्या सहकार्याने, मराठीतून आणि परवडणाऱ्या शुल्कात झाला पाहिजे. शिवाजी विद्यापीठ त्यासाठी योग्य जागा आहे. त्याचे स्वतःचे रुग्णालय नाही. या विषयात हा गुणच मानावा.

असे शिक्षण निघाले तर औषध कंपन्यांना शिक्के मारणारे कारकून तयार होतील, अशी शंका काही मित्र घेतात. शंका रास्त आहे. पदवी घेऊन कंपनीच्या नोकरीत जाणारे निघतीलच. कायद्याच्या पदवीचेही तसेच झाले, म्हणून आपण कायदा महाविद्यालये बंद करा म्हटले नाही. कामगारांची बाजू मांडणारे वकीलही तेथूनच आले. आपली मुले त्या वर्गात बसतात की नाही यावर पुष्कळ काही ठरेल. नोकऱ्या किती मिळतील, हा प्रश्न मात्र अवघड आहे. समितीवरील सभासदत्व हा काही पोटाचा व्यवसाय नव्हे. म्हणून पहिल्या टप्प्यात सायंकाळी चालणारा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता यावा, आणि पदव्युत्तर पदवी त्यानंतर यावी, हे व्यवहार्य.

विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सभासद निवडून जातात. अभ्यासक्रमाचा निर्णय विद्यापरिषदेचा असला तरी अधिसभेत ठराव मांडता येतो. पदवीधर गटातून उभ्या राहणाऱ्या आपल्या उमेदवारांनी हा विषय जाहीरनाम्यात घ्यावा, आणि बावड्यातील कार्यकर्त्यांनी त्याआधी पदवीधरांची मतदार नोंदणी पुरी करावी.