आमच्या वाटीने

मंडळी, दोह्याच्या मोठ्या दुकानांत हल्ली पराठ्यांच्या शेजारी मेक्सिकन टॉर्टियाची पाकिटं दिसतात. आमच्या कन्येचा हात आधी तिकडेच जातो. जाऊ दे. पण त्या पाकिटामागची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

मेक्सिकोत टॉर्टिया म्हणजे आपली भाकरीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटायचा आणि त्या ओल्या पिठाच्या भाकऱ्या करायच्या. बायकांची अर्धी सकाळ त्यातच जायची. १९४९ साली सेराल्वो नावाच्या गावी गोन्सालेस बापलेकांनी हे वाटलेलं पीठ वाळवून विकायचा कारखाना काढला. पाणी घाला, मळा, झालं! नाव ठेवलं 'मासेका', म्हणजे सुकं पीठ. तिकडच्या आज्यांनी नाकं मुरडली असतील, यात मला तरी शंका नाही. पण धंदा वाढला, १९७७ साली अमेरिकेत गेला. मुलगा रोबेर्तो गोन्सालेस बार्रेरा २०१२ साली वारला आणि कारभार त्याच्या मुलाकडे आला. म्हणजे तिसरी पिढी.

आपल्याकडे पाहायचं तर चितळ्यांचं घर आहेच. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली कृष्णाकाठी भिलवडीला दुधाचा धंदा सुरू केला. १९५० साली मुलगा रघुनाथराव यांनी पुण्यात मिठाईचं दुकान थाटलं. दूध तिकडे, मिठाई इकडे, अशी घरातच कामाची वाटणी. माझ्या मते एवढी वर्षं टिकायचं अर्धं श्रेय या वाटणीला आहे. एकाच गल्ल्यावर चार भाऊ बसले की काय होतं, ते आपण सगळ्यांनी आपापल्या नात्यात पाहिलंय! पुढच्या पिढीने बाकरवडीला यंत्र आणलं. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद, हा ज्याच्यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले तो नियमही २०१७ साली मोडला. थोरल्यांना ते सोपं गेलं नसणार.

आता आपलं इथलं. कतारमध्ये परदेशी माणसाला धंद्यात बहुतेक वेळा ५१ टक्क्यांचा कतारी भागीदार लागायचा. २०१९ च्या कायद्याने बऱ्याच क्षेत्रांत पूर्ण मालकीची वाट उघडली. तरी आपल्यापैकी बहुतेकांचं राहणं नोकरीवर. नोकरी संपली की सामान बांधायचं. मुलं शिकायला पुण्याला नाहीतर कॅनडाला. दुकान मागे ठेवायचं कुणासाठी?

हे सारं मनात येण्याचं कारण घरचंच. गणेशोत्सवातला आमचा थालीपिठाचा स्टॉल तुम्हाला ठाऊक आहे. सोळा वर्षं झाली. पुढच्या जूनमध्ये हे निवृत्त होतील आणि आम्ही सांगलीला परतू. कन्येला विचारलं, तर म्हणाली, "आई, थालीपीठ दुमडून आत राजमा आणि चीज घालूया, टाकोसारखं. रांग लागेल बघ." तिचं म्हणणं चुकीचं नाही, पण ती स्वतःच ऑगस्टमध्ये निघणार!

शेवटी मंडळातलंच एक तरुण जोडपं पुढे आलंय. दोघेही नोकरी करणारे. भाजणी ओव्हनमध्ये भाजू का, असं त्यांनी विचारलं. मी सासूबाईंना फोन लावला. त्या ब्याऐंशीच्या आहेत, स्वयंपाकाच्या बाबतीत कुणालाच सोडत नाहीत. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "प्रत्येक धान्य वेगळं भाज म्हणावं. एकत्र नको. चूल कसली का असेना. आणि त्या पोरीचं राजम्याचं काय ते एकदा करून बघा. नाहीतरी मिरची तिकडचीच ना?" (खरंच आहे. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांनी इकडे आणली.)

अडचण वेगळीच निघाली. वहीत सगळी मापं 'आमच्या वाटीने' अशी लिहिलेली. ती पितळी वाटी माझ्या फडताळात, ती मी काही कुणाला देणार नाही. तेव्हा येत्या शुक्रवारी दोघांना घरी बोलावलंय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, एकेक वाटी भरून वजनकाट्यावर ठेवायची आणि ग्रॅम लिहून घ्यायचे. वजनकाटा ते आणणार आहेत.