चार जीबीतला संसार

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या काउंटरवर एकच प्रश्न येतोय, “दादा, याच्यात अकरा बसेल का?” विचारणाऱ्याच्या हातात आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप असतो. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, एका बाजूची बिजागरी उचललेली, की-बोर्डात चहाचा नाहीतर चिवड्याचा पुरावा. आपलं उत्तरही ठरलेलं, “बसवू की.” आणि बसवतोही. संध्याकाळी पाच वाजता मशीन घरी जातं, सहाला त्याचा फोन येतो की आधीपेक्षा स्लो झालंय.

आजचं संपादकीय त्या ‘बसवू की’बद्दल आहे.

अकराच्या अटी आता पाठ झाल्यात. टीपीएम २.०, सिक्युअर बूट, इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची, ६४ जीबी जागा आणि चार जीबी रॅम. यातल्या चारच्या आकड्याने गिऱ्हाईक फसतं आणि खरं सांगायचं तर आपणही. चार जीबीत विंडोजला उभं राहायला जागा मिळते, पाय पसरायला नाही. त्यातून ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा आधीच कापून घेतं. उरलेल्यात अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझरच्या बारा टॅब. एवढा गोतावळा रॅममध्ये मावत नाही, म्हणून विंडोज अर्धं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं.

इथेच आपलं निदान चुकतं. ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला अकरा मिलिसेकंद घेते. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय हेड सरकायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर तुकडे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्के आणि डिस्क शंभर टक्के दिसते, ती याच खेपांमुळे. गिऱ्हाईक म्हणतं रॅम कमी आहे, आपण मान डोलावतो, आणि दुखण्याचा अर्धा भाग तसाच राहतो. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. माझा अनुभव असा की एकाच गोष्टीचे पैसे असतील तर चार जीबीवाल्या मशीनला आधी एसएसडी, मग रॅम. दोन जीबीवाल्याला मात्र दोन्ही, नाहीतर काहीच नको.

रॅम टाकतानाही पाठीमागचं झाकण उघडल्याशिवाय भाव सांगू नये. कुठे एकच स्लॉट, कुठे रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या यू मालिकेला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. ड्रॉवरमधली दीड व्होल्टची जुनी स्टिक खाचेत नीट बसते, मशीन मात्र उठत नाही, आणि मग बोर्ड गेला म्हणून तासभर घाम निघतो. जुन्या अ‍ॅटमच्या छोट्या नेटबुकांना दोन जीबीच्या वर बहुतेक काही चालतच नाही. आणि ते ३२ जीबी ईएमएमसीवाले स्वस्त लॅपटॉप! त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं. ते विकणाऱ्यांनी स्वतः त्यावर एकदा विंडोजचा मोठा अपडेट करून पाहायला हवा होता.

आता माझीच एक फजिती सांगतो. जानेवारी २०२० ची गोष्ट, विंडोज ७ चा पाठिंबा संपला तेव्हाची. आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करारनामे टाइप करून देणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी लॅपटॉप आणला. पहिल्या पिढीचा आय-थ्री, दोन जीबी रॅम, विंडोज ७, तेही बत्तीस बिटी. झाकण उघडलं तर दुसरा स्लॉट रिकामा. मला कोण आनंद! चार जीबीची स्टिक टाकली, एसएसडी लावली, चौसष्ट बिटी विंडोज १० बसवलं. वीस सेकंदांत डेस्कटॉप समोर. त्यांची कागदपत्रं कॉपी करून दिली, बिल घेतलं, वर “आता पाच वर्षं बघायला नको” असंही बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ताई दारात. “दादा, माझं मराठी गेलं.”

त्यांचं मराठी एका जुन्या सॉफ्टवेअरवर चाले आणि ते सॉफ्टवेअर डोंगलवर. डोंगलचा ड्रायव्हर बत्तीस बिटी, चौसष्ट बिटी विंडोज त्याला दारातही उभं करीना. फाइल उघडत होती, पण ‘प्रतिज्ञापत्र’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडपूर्व फॉन्टांची हीच गोम. फाइलमध्ये मराठी नसतंच, रोमन सांकेतिक क्रमांक असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. त्या फॉन्टांचा फोल्डर मी कॉपी केलाच नव्हता. बाहेर तहसीलदारांच्या सहीसाठी माणसं थांबलेली. नशीब एवढंच की जुनी हार्ड डिस्क कॅडीत घालून बाहेरची डिस्क करून द्यायची म्हणून ड्रॉवरात पडली होती, फॉरमॅट मारायची राहून गेली होती. तीच परत लावली. मग स्क्रीनवर दिसलं ते असं: मशीनमध्ये सहा जीबी आणि बत्तीस बिटी विंडोजला त्यातले वापरता येतात तीनच्या आसपास. ताईंनी शांतपणे विचारलं, “मग रॅमचे पैसे कशाचे घेतले?”

पैसे परत केले. उत्तर मात्र आजतागायत सापडलेलं नाही.

त्या दिवसापासून मी मशीन हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो रॅमचा नाही, कामाचा. यावर काय चालतं? अकाउंटचं कुठलं सॉफ्टवेअर? मराठी कशात टाइप करता? डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं मशीन, जुना लेसर प्रिंटर, काही जोडता का? चौसष्ट बिटी विंडोजवर सोळा बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत, बत्तीस बिटी ड्रायव्हर चढत नाहीत, आणि अकरा तर फक्त चौसष्ट बिटीच आहे. बत्तीसवरून चौसष्टवर जायचं तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, कोरी पाटी करावी लागते. हे आपल्याला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. त्याला ‘अपग्रेड’ म्हणजे जुन्या घराला नवा रंग वाटतो.

आता जरा कडू. कमी रॅमच्या मशीनला आपल्यातले बरेच जण पेनड्राइव्हवरचं ‘लाइट’ विंडोज मारतात. कुणा अनोळखी माणसाने कापूनछाटून नेटवर टाकलेलं, अपडेट बंद, डिफेंडर उपटलेला, आयतं अ‍ॅक्टिव्हेट झालेलं. दोन जीबीत भुर्रकन चालतं, गिऱ्हाईक खूश. त्याच मशीनवर संध्याकाळी तो बँकेचा पासवर्ड टाकतो. त्यात काय काढलंय ते दिसतं, काय घातलंय ते आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाही.

दुसरा प्रकार रूफसचा. टिक मारली की टीपीएमची आणि रॅमची अट बाजूला होते, सहाव्या पिढीच्या मशीनवरही अकरा बसतं. मी स्वतः बसवलंय, त्याला पाप मानत नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती कुणीतरी पुन्हा हाताने घालावी लागते. २४एच२ आलं तेव्हा प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना असणं सक्तीचं झालं. अकरा सुखाने चालवणारे कोअर २ ड्युओ त्या आवृत्तीपाशी अडले, बूटसुद्धा होईनात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं असेल तर तो व्यवहार झाला. न सांगता बसवलं तर दोन वर्षांनी तो “तुम्हीच बसवलं होतं” म्हणत आला की काय बोलणार?

दहावरच राहायचं असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. पैसे भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक करून घेता येते. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६, आणि मशीन २२एच२ वर असावं लागतं. घाईत असलेल्या माणसाला नवं मशीन घेईपर्यंत एवढी सवड पुरते.

आणि लिनक्स? ‘आमच्या गिऱ्हाइकाला जमणार नाही’ हे वाक्य आता जुनं झालं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत. यूट्यूब, बँक, पीडीएफ, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर चार जीबी आणि एसएसडीवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती छान चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इनस्क्रिप्ट मराठीही लगेच चालू होतं. झेडरॅम चालू केलं तर रॅममधलाच मजकूर दाबून बसवला जातो आणि डिस्कवरच्या खेपा कमी होतात. पण इथेही थापा नकोत. ऑपरेटिंग सिस्टिम हलकी झाली तरी ब्राउझर तोच राहतो, आणि खादाड तो आहे. दोन जीबीत पंधरा टॅब कुणाच्या बापाला चालणार नाहीत. बत्तीस बिटी प्रोसेसरवाल्यांची तर वाटच आखडत चाललीय. डेबियनने आवृत्ती १२ नंतर, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १३ पासून, बत्तीस बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

तर माझं मागणं एका ओळीचं आहे. पावतीवर ‘विंडोज इन्स्टॉलेशन’ एवढंच लिहू नका. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, किती बिटी, अटी पूर्ण करून की वगळून, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत, आणि जुनी डिस्क कुणाकडे, हे लिहा. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, काम नको म्हणून सांगितलंत तरी घ्या. झाकण उघडून, कामाची चौकशी करून ‘याच्यात पैसे घालू नका’ असं सांगायलाही अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास आपण आजवर फुकट वाटत आलो.

त्या ताईंनी पुढे नवं मशीन घेतलं, आता युनिकोडमध्ये टाइप करतात. जुना आय-थ्री शेजारीच असतो, जुने करारनामे उघडायला लागतो म्हणून. त्याचं वायफाय कार्ड मी काढून ठेवलं आणि पावतीवर लिहिलं, ‘विंडोज ७, बत्तीस बिटी, अपडेट बंद, नेटला जोडू नये.’ ती पावती त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर सेलोटेपने चिकटवली आहे.