खाडीचा म्हणून सकस?

कोळंबीच्या हॅचरीत माद्या लवकर अंड्यावर याव्यात म्हणून त्यांना पॉलिकीट, म्हणजे समुद्री कृमी, खाऊ घालतात. त्याबद्दल एक मत हल्ली फार ठासून मांडलं जातं : खाडीच्या चिखलातून उपसलेला कृमी तेवढा सकस, टाकीत पोसलेला नुसता चरबीचा गोळा. निसर्गाची सर कशाला येणार?

पण ‘खाडीचा कृमी’ असा ठरावीक माल असतो कुठे? तो शेवाळ खातो, गाळ खातो, कुजलेला पाला खातो आणि त्याच्या अंगचा मेद त्या खाण्यावर, ऋतूवर, वयावर बदलत जातो. नेरीड कुळातले कृमी विणीच्या आधी अंगभर अंडी नाहीतर शुक्रजंतू भरून घेतात, आणि वीण झाली की त्यातले बहुतेक मरतात. मग कोणत्या महिन्यातला कृमी प्रमाण मानायचा? शिवाय ओल्या कृमीत सुमारे 80 टक्के पाणी असतं. तुलनेच्या तक्त्यात एका कृमीचा मेदाचा आकडा ओल्या वजनावर, दुसऱ्याचा कोरड्यावर घेतला, की नसलेला पाचपट फरक कागदावर उमटतो. असले तक्ते नाचवणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण त्यावर विसंबून हॅचरीवाले पैसे ओततात. तळ्यातली कोळंबी बेचव, हा जुना वादही याच थाटात चालला होता. कोळंबीला काय खाऊ घातलं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

एक मुद्दा मात्र खरा आहे. अंडाशय पिकायला प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरकासारखं द्रव्य लागतं, ते ॲराकिडोनिक आम्ल या मेदाम्लापासून बनतं, आणि टाकीतल्या कृमीत हे आम्ल अनेकदा कमी भरतं. तो दोष खाद्याचा. मॉर्टिएरेला आल्पिना या बुरशीच्या तेलात ते भरपूर असतं. खाद्यात ते घालता येतं. माशाच्या तेलावर पोसलेल्या कृमीत डीएचए हे दुसरं मेदाम्ल सहसा जास्तच मिळतं.

उलट खाडीच्या मालात वेगळाच धोका आहे : रानटी पॉलिकीट कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू वाहून आणू शकतात, हे चेन्नईच्या संशोधकांनी 2005 सालीच दाखवलं आहे.

कृमींची शेती नवलाची नाही. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड किनाऱ्यावर वीजकेंद्राच्या कोमट पाण्यात गळाच्या आमिषासाठी ती गेल्या शतकातच सुरू झाली. आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांनी टाकीतला कृमी विकणाऱ्याकडे प्रत्येक खेपेमागे दोन कागद मागावेत : कोरड्या वजनावरचा मेदाम्लांचा तक्ता आणि विषाणूची तपासणी. खाडीचा माल विकणाऱ्यालाही हीच अट घालावी.