कॅमेऱ्यामागची उमेदवारी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर चित्रीकरणाची पथके येणे ही आता नवलाई राहिलेली नाही. २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने सावंतवाडीजवळचे आकेरी गाव घरोघरी पोहोचवले. मालवण, तारकर्ली, देवबागची वाळूही पडद्यावर अनेकदा दिसली. मात्र या कामांत स्थानिकांच्या वाट्याला बहुधा जेवण रांधणे, गाड्या चालवणे आणि गर्दीत उभे राहणे एवढेच येते. कॅमेऱ्यापाशी राबणारे हात बाहेरून येतात. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी हे अंतर ओलांडावे आणि समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, असे आम्हांस वाटते.

हे काम म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घ्यावयास हवे. पहिल्या दिवशी नवशिक्याच्या हाती कॅमेरा येत नाही. पेट्या उचलणे, बॅटऱ्या चार्ज करणे, मागितलेली लेन्स विनाविलंब हाती देणे, हीच त्याची पहिली इयत्ता. समुद्राकाठी तर काम दुप्पट होते. खाऱ्या वाऱ्याने काचेवर पापुद्रा धरतो आणि वाळूचा एखादा कण लेन्सच्या कड्यात शिरला तरी कडे अडखळते. वरचा सहायक नटापासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजतो, जमिनीवर खुणा चिकटवतो आणि नट चालू लागताच त्या अंतराबरोबर फोकस बदलत राहतो. आवाज आणि चित्र पुढे जुळावे म्हणून क्लॅपची पाटी वाजते. चित्रित झालेले सारे दुसरीकडे सुरक्षित उतरल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसले जात नाही. रापण ओढताना एकाने दोर सैल सोडला की साऱ्यांचे श्रम वाया जातात. येथेही तसेच आहे. एकाचे लक्ष ढळले की पन्नास माणसांना तो शॉट पुन्हा करावा लागतो.

“पेट्या उचलायला का मुलाला शिकवले?” असा प्रश्न पालक विचारतात. तो रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिलेल्या घरांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. पण ओझे आणि उमेदवारी यांत फरक आहे. ओझे वाहणारा वर्षानुवर्षे तेथेच राहतो, तर उमेदवार रोज थोडा पुढे सरकतो. मराठी चित्रपटाचा पायाच अशा उमेदवारीवर रचला गेला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तरुण शांताराम वणकुद्रे पडेल ते काम करीत शिकले. पुढे १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आदींनी ‘प्रभात’ उभी केली. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास आली आणि तिच्याच आवारात १९६० साली आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

या कामाचे मोल केवळ रोजगारापुरते नाही. कॅमेरा कोठे ठेवायचा हे जो ठरवतो, तोच कोणाचे आयुष्य दिसावे आणि कसे दिसावे हेही ठरवतो. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांच्या ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. ज्यांनी वेशीबाहेरून गाव पाहिले त्यांच्या हाती कॅमेरा आला म्हणूनच तो दगड प्रेक्षकापर्यंत पोहोचला.

म्हणून मुलांना घाईघाईने सेटवर धाडावे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटमधील छायालेखनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी आवश्यक असते. बारावीनंतर शिक्षण सोडून जो पथकामागे जातो, तो हे दार स्वतःच लावून घेतो. तेव्हा काम सुट्टीत करावे, पदवी मात्र सोडू नये. “शिकायला मिळते आहे ना” एवढ्यावर समाधान मानून महिनोन्‌महिने बिनपगारी राबणेही आम्हांस मान्य नाही. श्रीमंत घरचा मुलगा फुकट राबू शकतो, आपला राबू शकत नाही. फुकटची उमेदवारी हीसुद्धा गरिबास बाहेर ठेवण्याची एक रीतच होय. रोज किती, तास किती, मुक्काम कोठे, हे आधी लेखी ठरावे. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची चौकशी थोरांनी जातीने करावी.

या क्षेत्रात पहिले काम बहुतेकदा ओळखीने मिळते. आपल्या मुलांत हुशारी कमी नाही. त्यांना कमी पडते ती ओळख, आणि ती पुरवणे माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे. मुंबई-पुण्यात या व्यवसायात किंवा त्याच्या आसपास असणाऱ्यांनी आपली नावे शाळेकडे नोंदवावीत, सुट्टीत एखाद्या मुलास चार दिवस कामावर सोबत न्यावे, पहिला महिना त्याच्या राहण्याची सोय पाहावी. वसतिगृहात राहून आपण सारे कोणाच्या तरी अशाच मदतीने शिकलो. ती मदत पुढच्यापर्यंत पोहोचवणे हे आपले कर्तव्य आहे.