दोष यंत्राचा, दंड चालकाला!

सव हे महाडजवळचे सावित्रीकाठचे गाव. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते ओळखले जाते. या गावातला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी कामासाठी हेलपाटे घालून तो थकला. शेवटी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे किंवा बँकेकडे अर्ज करून त्याने कर्ज काढले आणि प्रवासी गाडी घेतली. दहा महिने झाले नाहीत तोच पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढताना क्लच सुटू लागला. इंजिन गर्जते, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. प्रवासी उतरवून, गाडी ओढून तो सर्व्हिस सेंटरला नेतो. तिथे काउंटरवरचा साहेब गाडीखाली डोकावूनही पाहत नाही आणि निकाल देऊन टाकतो, 'तुम्ही हाफ क्लचवर गाडी चालवता. हे वॉरंटीत बसत नाही.'

गाडी उभी, धंदा बंद, हप्ता मात्र चालू! हा तरुण आम्ही कल्पनेने उभा केला आहे, पण वाचकांपैकी अनेकांना तो आपल्याच घरातला वाटेल. मोटार हा पैसेवाल्यांचा विषय, आपल्या वृत्तपत्रात तो कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आमचे सांगणे आहे की, आपली पोरे आज गाडीच्या मागच्या सीटवर नाहीत, ती स्टिअरिंगवर आहेत. मिनीडोर, जीप, टेम्पो, टॅक्सी हेच त्यांचे शेत आहे. म्हणूनच वॉरंटीचा वाद हा पोटाचा वाद आहे.

हाफ क्लचने क्लच प्लेट झिजते, हे खरे आहे. घाटात पाय पेडलवर ठेवून गाडी रेटली की घर्षणाने प्लेट तापते आणि जळते. चालकाने ती सवय सोडलीच पाहिजे. पण प्लेट जळण्याचे कारण तेवढे एकच नाही. इंजिनाचे ऑइल सील गळून तेल प्लेटवर आले, प्रेशर प्लेटचा दाब कमी पडला, रिलीज बेअरिंग अडकले किंवा पेडलचे अंतर चुकीचे बांधले गेले, तरीही प्लेट घसरते आणि जळते. गिअरबॉक्स उतरवून सील, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील तपासल्याशिवाय खरे कारण कळत नाही. मग गिअरबॉक्स न उतरवताच दोष चालकाचा, हे यांना कसे कळते? आधी आरोपी ठरवायचा आणि पुरावा नंतर शोधायचा, ही पद्धत आम्हाला नवी नाही!

आणि जिथे क्लचचे पेडलच नाही, तिथे काय? फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत दोन कोरड्या क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. क्लच कधी जोडायचा नि कधी सोडायचा हे तिथे यंत्र ठरवते, चालकाचा पाय नव्हे. ऑस्ट्रेलियात या गाड्या थरथरतात अशा तक्रारी आल्या. ही थरथर गाडीच्या दर्जातील दोषाचे लक्षण आहे हे ठाऊक असूनही कंपनी ग्राहकांना सांगत राहिली की, दोष तुमच्या चालवण्यात आहे. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले आणि एप्रिल 2018 मध्ये फेडरल कोर्टाने 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गोऱ्या, सुशिक्षित, मोटारवाल्या ग्राहकालाही 'तुलाच चालवता येत नाही' असे बजावले जाते, तर सवच्या मिनीडोरवाल्याची काय कथा?

आमचा मुद्दा साधा आहे. जो हक्क नाकारतो, त्यानेच नाकारण्याचे कारण सिद्ध करावे. महाडच्या मातीला हा मुद्दा शिकवावा लागत नाही. चवदार तळे आमचे खाजगी आहे आणि मनाईची रूढी अनादी आहे, असा दावा घेऊन महाडचे सनातनी 1927 साली कोर्टात गेले. बाबासाहेबांनी तो खटला शेवटपर्यंत लढवला. दावा करणाऱ्यांना आपली रूढी सिद्ध करता आली नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांचा पराभव झाला. तळ्याचा लढा माणुसकीचा होता, क्लचचा वाद पैशांचा आहे, दोहोंची बरोबरी आम्ही करत नाही. पण नाकारणाऱ्याच्या शब्दाला पुरावा मागायचा, हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे काय? आहे, पण डोळे मिटून विसंबावे असा नाही. सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याचीच हमी असेल, तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली मारुतीच्या एका प्रकरणात सांगितले. गोव्यात विक्रेत्याने 2011 सालच्या मॉडेलचे पैसे घेऊन 2009 सालची, 622 किलोमीटर धावलेली गाडी ग्राहकाच्या गळ्यात मारली. त्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्या कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण विक्रेत्याची ही करणी कंपनीला ठाऊक होती असे सिद्ध झाले नव्हते. यातून धडा असा की, तक्रारीचे पत्र विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही द्यावे, म्हणजे 'आम्हाला ठाऊकच नव्हते' असे म्हणण्याची सोय कोणालाही उरणार नाही.

'बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला, वॉरंटी संपली' ही दुसरी धमकी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण आयोगाने त्या आदेशात मांडलेले तत्त्व सरळ आहे. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

तिसरी धमकी अशी की, 'तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही.' हेही अर्धसत्य आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही, असे ग्राहक कायदा म्हणतो. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केले आहे.

तेव्हा गाडी बिघडली की भांडणाआधी कागद हातात घ्या. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा, किलोमीटर आणि तारीख टाकायला लावा, प्रत घ्या. क्लच उतरवताना समोर उभे राहा, फोटो काढा, जुनी प्लेट परत मागा. ती प्लेट म्हणजे पुरावा आहे, भंगार नव्हे! वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. बिल भरल्याशिवाय गाडी सुटत नसेल, तर 'हरकत नोंदवून भरले' असे लिहून भरा. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत 2 वर्षांची आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200 रुपये आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गरज पडल्यास सदोष भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे.

पण रायगडचा आयोग बसतो अलिबागला. सव किंवा पोलादपूरच्या चालकाने एका तारखेसाठी दिवसाची कमाई बुडवून तिथे जायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे, याला न्याय म्हणायचे काय? एका जिल्ह्यात एकाहून अधिक आयोग स्थापण्याची मुभा कायद्याने राज्य सरकारला दिली आहे. दक्षिण रायगडसाठी महाडला आयोग द्यावा, ही आमची पहिली मागणी. वॉरंटी नाकारताना सही-शिक्क्याचे सकारण पत्र देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे, ही दुसरी. मागासवर्गीयांच्या महामंडळांनी गाडीला कर्ज देताना वॉरंटीच्या अटी मराठीत वाचून दाखवाव्यात आणि वाद झाल्यास कर्जदाराला वकील द्यावा, ही तिसरी.

चालक संघटनांनी हा विषय स्टँडवर चर्चेला घ्यावा. एकाच मॉडेलच्या पाच गाड्यांचे क्लच एकाच वर्षात गेले असतील, तर दोष पाच पायांत नाही, यंत्रात शोधला पाहिजे. एकट्याने ओरडले तर ती कटकट ठरते. पाच जॉब कार्डे एकत्र ठेवली तर तो पुरावा होतो!