फटके मोजणार कोण?

यात्रांचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याकडे शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, फलक लागतात. फलकावर बैल लहान आणि पुढारी मोठे, ही रीत आता अंगवळणी पडली आहे. तिकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, ५० हजारांची ठेव भरली जाते आणि हमी दिली जाते की गाडीवानाच्या हाती चाबूक, काठी किंवा विजेचा झटका देणारे यंत्र असणार नाही. थोडक्यात, कागदावर फटके शून्य.

घोड्यांच्या शर्यतवाल्यांना एवढा भाबडेपणा परवडत नाही. जॉकी चाबूक मारणारच, हे ते धरून चालतात आणि फटके मोजतात. इंग्लंडमध्ये २०२३ पासून सपाट मैदानावरच्या शर्यतीत सहा फटक्यांची मुभा आहे. त्याच वर्षी जुलैत ॲस्कॉटच्या ‘किंग जॉर्ज’ शर्यतीत जिम क्रॉली या जॉकीने नऊ मारले. घोडा जिंकला, त्याचे नाव हुकूम. क्रॉलीला २० दिवसांची बंदी आणि १० हजार पौंड दंड झाला. दहावा फटका पडला असता तर घोडाच बाद होऊन बक्षीस गेले असते. म्हणजे मालकाला तीन फटक्यांचा गुन्हा पचला, चौथा पचला नसता. साहेबाची भूतदया अशी हिशेबी! पण निदान कोणीतरी मोजले आणि आकडा जगाला कळला.

आपल्याकडे शिक्षेची उणीव नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले, ते नियम काटेकोर पाळले जातील या भरवशावर. १९६० च्या केंद्रीय कायद्यात जनावराच्या छळाला पहिल्या गुन्ह्यात दंड होता १० ते ५० रुपये. राज्याच्या दुरुस्तीने शर्यतींपुरता तो थेट पाच लाखांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेवर नेला. एवढी घसघशीत शिक्षा लिहून ठेवल्यावर ती देण्याची वेळ येणार नाही, असा सरकारचा समज असावा.

वेळ येणार तरी कशी? पशुवैद्य जोडी तपासतात ती सुटण्याआधी. पोलिसांचे लक्ष गर्दीवर, आयोजकांचे व्यासपीठावर. पंच घड्याळाकडे बघतात. हे घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही सोडत नाही. पण शेवटच्या टप्प्यात धुरकऱ्याच्या, म्हणजे गाडीवानाच्या, हातातले काय बैलाच्या पाठीवर पडले, शेपटी कोणी कशी पिरगाळली, हे त्याला दिसत नाही. दिसते ते फक्त बांधावरच्या पोरांच्या मोबाइलला, आणि ती पोरे त्यावर गाणे चढवून मोकळी होतात. शिवाय तीन वर्षांची कैद म्हटल्यावर भाऊबंदांत आणि सोयऱ्याधायऱ्यांत फिर्याद देणार कोण? त्यापेक्षा हात उचललेला दिसला की जोडी तिथल्या तिथे बाद, एवढे एकच करावे. बक्षिसाचा ट्रॅक्टर नाही तर मोटारसायकल हातची गेली की धुरकऱ्याला चाप लावायला मालकच पुढे होईल. कायद्याची कलमे त्याला वाचून दाखवावी लागणार नाहीत.

मारल्याची किंमत मालकानेच मोजायची, हा व्यवहार नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कधीचा रुळला आहे. दत्तजयंतीला तापीकाठी गिऱ्हाईक येते ते दात बघते, खूर उचलून बघते, चाल बघते. अंगावर वळ असलेल्या घोड्याचा भाव पडतो आणि विकणाऱ्याला त्यासाठी कुणा न्यायालयाकडे बघावे लागत नाही.

फटके मोजायला नवा माणूस नेमण्याचीही गरज नाही. प्रत्येक पटावर ध्वनिक्षेपक हाती घेतलेला एक समालोचक असतोच. कोणता बैल कुठल्या गावचा, गेल्या यात्रेत किती सेकंदांत सुटला, हे त्याला तोंडपाठ असते. त्यानेच जोडी पळत असताना मोठ्याने म्हणावे, ‘आप्पांच्या जोडीला एक... जोडी बाद!’ अडचण एवढीच, की बक्षीस देणाऱ्या भाऊंचे, दादांचे आणि भावी आमदारांचे नाव घ्यायला मग त्याला सवड कधी मिळायची?